खडूची फुली

मोठ्या बाईंच्या शिवणकारखान्यात तीन टेबलं होती आणि तिन्हींचं एकमेकांशी फारसं पटत नसे. ते पटू नये अशीच व्यवस्था बाईंनी करून ठेवली होती. पहिल्या टेबलावर कापड बेतून कापायचं, मधल्या लांब टेबलावरच्या मशिनींवर ते शिवायचं आणि दाराजवळच्या तिसऱ्या टेबलावर शिवलेलं तपासायचं. कापणारीनं मशिनीला हात लावायचा नाही, शिवणारीनं कात्री उचलायची नाही, आणि तपासणारीनं कामाच्या वेळात कोणाच्या घोळक्यात चहाला उभं राहायचं नाही. कुठे टीप वाकडी गेली, काज उसवलं, बाही आखूड झाली, की तपासणारी त्या कपड्यावर पांढऱ्या खडूनं फुली मारी. फुली पडली की कपडा परत मशिनीवर. का पडली ते विचारायची मुभा होती, भांडायची नव्हती.

या तिसऱ्या टेबलावर बाईंची धाकटी सून बसे. तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा आणावा अशी अबोल, पण नजर अशी की आरपार. तिच्या हाताखालून गेलेला कपडा गिऱ्हाईक उलटून बघत नसे. दवाखान्यातल्या परिचारिकांचे गणवेश, पोलिसांचे शर्ट, न्यायाधीशांचे काळे झगे, सगळं इथूनच जायचं. बाईंची शाळा दुसरीतच सुटलेली. पण कापडाच्या भाषेत त्या सगळ्या गावाला ओळखून होत्या. अमक्याची मान आखूड, तमक्याचा एक खांदा खाली, आणि त्या ढमक्याचं पोट दरवर्षी एका बटणानं पुढे सरकतंय.

थोरला लेक निवडून येऊन प्रांताचा प्रमुख झाला तेव्हा शपथ घ्यायचा कोट बाईंनी कोणाला शिवू दिला नाही. हौसेला मोल नसतं. स्वतः बेतला, स्वतः कापला, स्वतः शिवला, आणि छाती फुगवून धाकट्या सुनेच्या टेबलावर नेऊन ठेवला. सुनेनं अस्तर पाहिलं, बाह्या पाहिल्या, काजं पाहिली. मग कॉलरपाशी तिचा हात थांबला आणि तिनं खडू उचलला.

सगळ्या मशिनी एकदम गप्प झाल्या.

"डोळे तपासून ये आधी," बाई म्हणाल्या.

"डावं टोक खाली आलंय, आई."

"दोऱ्याएवढं! तिथे कोण टेप घेऊन मोजायला बसणार आहे माझ्या लेकाला?"

"मला दिसलं ना," सून म्हणाली.

बाईंनी कोट ओढून घेतला, आणि सुनेच्या माहेरच्या माणसांचा एकेक करून उद्धार करत कॉलर उसवली. पुन्हा लावली. पुन्हा टेबलावर ठेवली. या खेपेला सुनेनं मान हलवली. शपथेच्या दिवशी लेक असा दिसला, की कापणारी, शिवणारी आणि इस्त्रीवाली तिघीही टीव्हीसमोर ढसाढसा रडल्या. बाई रडल्या नाहीत. त्या फक्त कॉलर बघत होत्या. कॉलर सरळ होती.

कारखान्यात हा कायदा. घरात मात्र एकच टेबल आणि त्यावर एकट्या बाई. पडद्याच्या रंगापासून नातवंडांच्या नावांपर्यंत बाई ठरवणार, बाई करणार आणि छान झालं असं बाईच म्हणणार. यजमान हयात होते तेव्हा तेही बाहेर कोणी काही विचारलं की "विचारून सांगतो" म्हणत. दोन्ही लेक याच वळणात वाढलेले. आईनं म्हटलं की झालंच, हे थोरल्याच्या अंगात दुधाबरोबर मुरलेलं. म्हणून पुढचं सगळं घडलं.

कारखाना होता दोन खोल्यांचा. मशिनी इतक्या खेटून, की एकीनं कोपर हलवलं की दुसरीची टीप वाकडी. इस्त्रीला जागाच नव्हती, म्हणून इस्त्रीवाली जिन्याच्या वळणावर कठड्यावर फळी टाकून उभी राही. एकदा वरून घाईनं उतरणाऱ्या कोणाचा तरी धक्का लागला आणि तिचं कोपर भाजलं. आणि भिंतीला भिंत लावून शेजारी सरकारी गोदाम, कित्येक वर्षांपासून बंद. आत कबुतरं चैनीत राहत होती.

एका सुट्टीच्या दिवशी थोरला जेवायला आला होता. बाईंनी त्याच्या ताटात वाढता वाढता म्हटलं, "शेजारचं गोदाम रिकामं पडलंय."

"बघतो, आई."

"बघू नकोस. डोळे मलाही आहेत. दे."

आणि लेकानं दिलं. चार दिवस गेले नाहीत तोच प्रमुखाच्या सहीचा हुकूम निघाला, गोदामाचं कुलूप निघालं, कबुतरांची चैन संपली. बाईंनी दार निळं रंगवून घेतलं. अर्ध्या मशिनी तिकडे हलल्या. इस्त्रीवालीला खिडकीजवळ ऐसपैस टेबल मिळालं. पहिल्या दिवशी ती नुसतीच त्या टेबलाभोवती फिरत राहिली, देवळाभोवती फिरावं तशी. बाई गल्लीत मुद्दाम सावकाश चालू लागल्या.

समोर एक जोडेवाले म्हातारबुवा होते. हाताखाली दहा-बारा माणसं, आणि तोंडात कायम खिळे धरलेले. बोलायचं झालं की आधी खिळे तळहातावर काढायचे, मग बोलायचं. ते एक दिवस निळ्या दारात येऊन उभे राहिले. खिळे काढले.

"बाई, जागा आम्हालाही हवी होती. आमची माणसं फुटपाथवर बसतात."

"मग अर्ज करायचा होतात!"

"कुठे करणार? सरकारी जागा द्यायची तर आधी अर्ज मागवायचे, मग सभागृहापुढे ठेवायचं, असा कायदा आहे म्हणतात. इथे तर थेट रंगकामच सुरू झालं."

"तुमच्याही लेकाला सांगा ना, द्या म्हणावं."

"माझा लेक जोडे शिवतो," म्हातारबुवा म्हणाले, आणि खिळे परत तोंडात टाकून निघून गेले. ते थेट कोर्टातच गेले.

निकालाच्या दिवशी बाई नव्या लुगड्यात पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. न्यायाधीश बाई आत आल्या तशा मोठ्या बाईंनी सवयीनं आधी झगा पाहिला. आपल्याच कारखान्यातला. गळ्याची घडी तर आपल्या हातची. त्यांच्या जिवात जीव आला. आपल्या हातचा झगा अंगावर असलेली बाई आपल्याविरुद्ध कशी जाईल?

न्यायाधीश बाईंनी चष्मा लावला आणि सावकाश, कोणालाही कळेल अशा शब्दांत वाचलं. सरकारी जागा कशी द्यायची याचा कायदा सभागृहानं केला आहे. त्या कायद्याप्रमाणे कारभार करायचा, एवढंच प्रमुखांचं काम. इथे अर्ज मागवले नाहीत, सभागृहाला विचारलं नाही. प्रमुखांना जे करण्याचा अधिकार नव्हता ते त्यांनी केलं आहे. हुकूम रद्द. जागा रिकामी करून तिला कोर्टाचं सील लावावं. पुढे सभागृह काय ते ठरवेल.

मोठ्या बाई ताडकन उभ्या राहिल्या. "अहो बाई! तो झगा कुठे शिवलाय आठवतंय का?"

न्यायाधीश बाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं. "आठवतंय. फार छान शिवलाय. आता खाली बसा."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. आणि बाई खाली बसल्या. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून त्या शेवटच्या कधी बसल्या होत्या, ते त्यांचं त्यांनाही आठवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला घरी आला. सोबत त्याचा सल्लागार, घडीचा सदरा आणि घडीचंच हसू. दोघं स्वयंपाकघरात बसले, कारण महत्त्वाचं बोलणं त्या घरात तिथेच होई. धाकटी सून चहा गाळत होती.

"घाबरण्यासारखं काहीच नाही," सल्लागार म्हणाला. "कोर्टाकडे आहे काय? एक शिक्का आणि हुकूम बजावणारा एक बेलीफ. पोलीस आपले, तिजोरी आपली. सील लावायला आले की दारात चार शिपाई उभे करायचे. बेलीफ बिचारा परत जाईल. मग अपील, मग तारखा. तोवर शिवणकाम जोरात सुरू."

"तुझं काय म्हणणं?" बाईंनी लेकाला विचारलं.

लेकानं कप उचलला, खाली ठेवला. "तू म्हणशील तसं, आई."

"त्या झगेवाल्या बाईला तूच नेमलंस ना?"

"शिफारस माझीच होती."

"मग काढ तिला."

"नेमता येतं. काढता येत नाही."

"ही कुठली रीत? ठेवायचा हक्क आहे आणि काढायचा नाही?"

"आपल्याच कारखान्यातली रीत आहे, आई," गाळणं झटकत सून म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती आपणहून बोलली, हेच आधी कोणाच्या पचनी पडेना.

"कॉलरच्या दिवशी तुम्हाला मला त्या टेबलावरून उठवता आलं असतं. कारखाना तुमचा. तुम्ही उसवायला बसलात."

"कॉलर म्हणजे? कसली कॉलर?" सल्लागारानं विचारलं.

"तुम्ही चहा प्या," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी आपण हिला उठवलं का नाही? बाईंना आठवलं, राग तर मनस्वी आला होता. पण फुली पडलेला कोट तिच्या पुढ्यात होता आणि सगळ्या बायका बघत होत्या. त्या दिवशी तिला उठवलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तिथे बसणारी आधी कपडा कोणाचा आहे ते विचारती आणि मग खडू उचलती. म्हणजे टेबल राहिलं असतं, तपासणी गेली असती. हे तेव्हा त्यांनी असं मांडून ठरवलं नव्हतं. हातांना कळलं होतं. हातांनी उसवलं होतं.

त्यांनी लेकाकडे पाहिलं. लहानपणी तो कापायच्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगावर झोपायचा. आता अख्खा प्रांत त्याच्या सहीवर हलत होता. पोलीस त्याचे, तिजोरी त्याची. त्याला अडवायला होता एक कोर्टाचा कागद आणि एक आईचा शब्द. कागद आपल्या जागी ठाम उभा होता. शब्द तेवढा अजून बाईंच्या तोंडात होता.

"मी ठेव म्हटलं, तर ठेवशील?"

"ठेवीन."

त्यानं ते इतक्या सरळपणे सांगितलं, की बाईंना त्याचीच भीती वाटली.

"आणि उद्या तू त्या खुर्चीवर नसलास, तर जो कोणी असेल, त्याची आई कोण असेल माहीत आहे का तुला? समजा, जोडेवाल्याचा लेक निवडून आला. सकाळी उठून म्हाताऱ्यानं म्हटलं, मला बाईंचा कारखाना हवा. दारात चार शिपाई. मी कोणाकडे जाऊ? त्या झगेवालीकडेच ना? आणि तेव्हा तो म्हणेल, हिचं कधी कोणी ऐकलंय? माझ्या आधीच्या प्रमुखानंही ऐकलं नव्हतं."

सल्लागाराच्या हसण्याची घडी मोडली.

"बाईसाहेब, राजकारणात असं..."

"चहा निवतोय तुमचा," बाई म्हणाल्या, आणि लेकाकडे वळल्या. "सभागृहानं कापायचं, तू शिवायचं. तू कापलंस पण तूच, शिवलंस पण तूच, आणि वर आता तपासणारीला दारातून हाकलायला शिपाई बसवणार? असल्या कारखान्यातलं पायपुसणंही मी घरात आणलं नसतं. मागितलं मी, ते माझं चुकलं असेल तर माझ्यापाशी. पण दिलंस तू. आता उसव."

"लोक म्हणतील, प्रमुख हरला."

"म्हणू देत. कॉलर उसवली तेव्हा मी हरले होते काय रे? त्या कोटात तू कसा दिसलास, विसरलास?"

थोरल्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला, आईच्या हातात कप दिला आणि सल्लागाराला म्हणाला, "शिपाई नकोत. बेलिफाला येऊ द्या."

मशिनी परत हलवताना बायकांची तोंडं एवढीएवढी झाली होती. इस्त्रीवालीनं खिडकीजवळच्या टेबलावरून शेवटचा हात फिरवला.

"परत जिना, बाई?"

"परत जिना. खालून-वरून येणाऱ्यांना मी आवरीन. तिथेच खुर्ची टाकून बसते. बघू कोण धक्का मारतंय."

त्या मनापासून बोलल्या होत्या, पण बोलताना त्या खिडकीकडेच बघत होत्या. जागा खरंच चांगली होती. उजेड काय, वारा काय. आणि आता तिथे पुन्हा कबुतरं राहायला येणार.

सील लावायच्या दिवशी सगळी गल्ली दारांत, खिडक्यांत, गॅलऱ्यांत येऊन उभी. काहीतरी तमाशा होणार, ही सगळ्यांची खात्री. एका बाजूला अख्खं सरकार, दुसऱ्या बाजूला कोर्ट. आता शिट्ट्या वाजतील, लाठ्या निघतील. आणि गल्लीच्या तोंडातून आला एक किडकिडीत माणूस. बगलेत छत्री, हातात लाखेची कांडी, कागद आणि एक कुलूप. एकटाच. ढगळ कोट, त्याचं मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. हाच तो बेलीफ. त्यानं गर्दी पाहिली आणि बगलेतली छत्री आणखी घट्ट आवळली.

मोठ्या बाई निळ्या दारासमोर उभ्या होत्या. आज फारसं काही बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, ते त्यांच्या स्वभावाला जड जात होतं. बेलीफ जवळ आला तशी त्यांनी सुनेच्या कमरेला लटकणाऱ्या पिशवीतून खडू काढला आणि त्या झकास, नव्याकोऱ्या निळ्या दारावर खांद्याएवढ्या उंचीवर मोठी पांढरी फुली मारली.

कारखान्यातल्या बायकांना कळलं. बाकीच्यांना नंतर कळलं.

तेवढ्यात थोरला आला. चालत आला, मागे ना गाडी ना शिपाई. अंगावर तोच शपथेचा कोट. बेलिफाची तर बोबडीच वळली. त्यानं छत्री या बगलेतून त्या बगलेत घेतली, सलाम केला, कागद खाली पाडला, उचलला.

"साहेब... मला... म्हणजे कोर्टाचा हुकूम आहे."

"माहीत आहे. वाचलाय मी. तुमचं काम करा."

"हो साहेब. पण..." त्यानं हातातल्या कागदाकडे पाहिलं. "तुम्ही दारात उभे आहात, साहेब. जरा बाजूला व्हावं लागेल."

एका ढगळ कोटातला, एकटा, घाबरलेला माणूस प्रांताच्या प्रमुखाला बाजूला हो म्हणत होता.

आणि प्रमुख बाजूला झाला.

सरळ उभा राहून, मान खाली न घालता, दोन्ही हात मागे बांधून तो बाजूला झाला, आणि दार मोकळं करून दिलं. शपथेच्या दिवशी मोठ्या बाई रडल्या नव्हत्या. आज त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कोणाला दिसलं तर दिसू दे, असं त्यांना वाटलं. लेक निवडून येणं त्यांनी गल्लीत मिरवलं होतं. पण निवडून पुष्कळांचे लेक येतात. एवढी सत्ता हातात असताना एका कागदापुढे असा ताठ मानेनं बाजूला होणारा लेक कितीजणींना असतो?

कुलूप लागलं. लाख तापली, शिक्का उमटला. जोडेवाले म्हातारबुवा समोरून येऊन बाईंच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी खिळे तळहातावर काढले.

"बाई, लेक चांगला शिवलायत."

"उसवून शिवलाय," बाई म्हणाल्या.

"आता अर्ज मागवतील म्हणे. सभागृहात ठेवतील."

"तुम्ही करणार?"

"करणार तर! तुम्ही?"

"तुमच्या आधी. आणि माझी इस्त्रीवाली जिन्यात उभी असते, तेही सांगणार."

"माझी माणसं उन्हात बसतात, ते मी सांगतो."

"सांगा. कोणाचं जास्त खरं ते सभागृह बघेल." मग त्यांनी लेकाकडे हनुवटी वर केली. "काय रे, आणि सभागृहात तुला विचारतील ना, हा हुकूम काढलासच कसा म्हणून?"

"सालटी काढतील, आई."

"काढू देत. मी वर गॅलरीत बसून बघणार आहे. उत्तर नीट दे, पुटपुटू नकोस. लहानपणीची खोड आहे तुझी."

गल्ली हसली, लेकही हसला. बेलीफ छत्री बगलेत मारून निघायच्या बेतात होता, तोच बाईंनी त्याला हाक मारली.

"थांबा हो! कोट काढा."

"मी? का?"

"अख्ख्या सरकारला बाजूला सारलंत तुम्ही आज, आणि बटण असं लोंबतंय? लोक काय म्हणतील कोर्टाला? काढा कोट."

त्यानं कोट काढला. बाई तिथेच ओट्यावर बसल्या, पदराला टोचलेली सुई काढली, दोरा ओवला आणि बटण लावलं. दोरा दातानं तोडला. बेलिफानं कोट घ्यायला हात पुढे केला. पण बाईंनी तो त्याला दिला नाही. धाकट्या सुनेपुढे धरला.

सुनेनं बटण ओढून पाहिलं. कोट उलटा केला, आतली गाठ पाहिली. मग तिचा हात खडूकडे गेला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"गाठ ढिली आहे, आई."

बाईंनी कोट परत मांडीवर घेतला. सुई पुन्हा ओवली, आणि सगळ्या गल्लीला, लेकाला, जोडेवाल्याला आणि त्या बिचाऱ्या बेलिफालाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बघितलंत? माझी सून आहे ती!"